पात्राच्या पावलांचा माग

होळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीतल्या गावांना बोहाड्याचे वेध लागतात. रात्री गावातल्या मोठ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटीवाटीनं बसतात. मशाली पेटतात, संबळ घुमायला लागतो आणि अंधारातून एकेक सोंग पुढे येतं. आधी गणपती, सरस्वती. मग रावण, भीम, नरसिंह, त्राटिका. प्रत्येकाच्या तोंडावर मुखवटा असतो, लगद्याचा, भडक रंगवलेला, वटारलेल्या डोळ्यांचा. रात्रभर त्या मुखवट्याची पापणी लवत नाही की ओठ हलत नाही. तरी पहाटेच्या सुमाराला देवी आणि महिषासुर समोरासमोर येतात तेव्हा लहान पोरं आईच्या पदरात तोंड लपवतात.

त्या पोरांना राग दिसला कुठे? चेहरा तर जसा होता तसाच आहे. राग दिसला तो पावलांत. संबळाच्या ठेक्यावर सोंग चार पावलं पुढे येतं, मागे सरतं, गिरकी घेतं. सोंग बदललं की वाद्याची चाल बदलते आणि चाल बदलली की अंग बदलतं. गणपती डुलत येतो. राक्षस येतो तो जमीन दणाणत. पोरं मुखवटा बघून दचकतात हे खरं. पण घाबरतात ती त्या पावलांना.

कथेतलं, नाटकातलं, चित्रातलं पात्र काहीतरी करतं आणि त्यावरून त्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळतं. हे कळतं कसं आणि कळलं असं वाटतं तेव्हा आपण चुकतो कुठे, हा या प्रकरणाचा विषय. तो समजून घ्यायला आपण पालघर जिल्ह्यात फिरणार आहोत. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. जुन्या ठाणे जिल्ह्याचं वर्णन 'सागरी, नागरी, डोंगरी' असं करायची पद्धत होती. पालघरला ते आजही तंतोतंत लागू पडतं. सातपाटी-तारापूरचा किनारा, बोईसरचे कारखाने आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगर, तिन्ही ठिकाणी पात्राच्या मनापर्यंत जाणारी वाट वेगळी आहे.

डोंगर : मुखवट्याआडचा राग

मन दिसत नाही, वागणं दिसतं. ही अडचण नाट्यशास्त्राच्या कर्त्यानं, भरतमुनीनं, फार पूर्वी नेमकी ओळखली होती. त्यानं भावनेची फोड तीन भागांत केली. भावना ज्यामुळे जागी होते तो विभाव. ती अंगातून, वाणीतून, हालचालीतून बाहेर पडते तो अनुभाव. आणि मूळ भावनेच्या आगेमागे लाटांसारखे येऊन जाणारे छोटे भाव म्हणजे व्यभिचारी भाव.

समजा, विक्रमगडच्या रानवाटेनं एकटा माणूस संध्याकाळी घरी चालला आहे. बाजूच्या झुडपात बिबट्या गुरगुरतो. हा झाला विभाव. माणसाचे पाय जागीच थिजतात, घशाला कोरड पडते, हातातली काठी नकळत घट्ट धरली जाते. हे अनुभाव. मधल्या मधे 'बिबट्याच होता का?' अशी शंका, 'घरी पोरं एकटी आहेत' ही चिंता, मग एकदम पळत सुटण्याचा आवेग, हे व्यभिचारी. या सगळ्याच्या तळाशी एकच गोष्ट टिकून आहे, ती म्हणजे भय. तो स्थायी भाव. 'तो घाबरला' हे शब्द कुणी उच्चारले नाहीत, तरी ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

भरतानं आठ स्थायी भाव मोजले, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक, असे मिळून एकोणपन्नास. यांतले सात्त्विक भाव मला सर्वांत मोलाचे वाटतात. अंग ताठरणं, घाम, रोमांच, आवाज फुटणं, कंप, चेहऱ्याचा रंग उडणं, अश्रू आणि शुद्ध हरपणं. माणूस हसू ओढूनताणून आणू शकतो, रागाचं सोंग घेऊ शकतो. तळहाताला घाम मात्र ठरवून आणता येत नाही. म्हणूनच कसलेला लेखक पात्राच्या तोंडी 'मला काही वाटत नाही' हे वाक्य घालतो आणि त्याच क्षणी त्याच्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडवतो. वाक्य पात्राच्या हुकमतीत असतं. चहा नसतो.

नाट्यशास्त्रात पावलांचाही विचार आहे. 'गतिप्रचार' हा अख्खा अध्यायच कोणतं पात्र कोणत्या मनःस्थितीत कसं चालेल यासाठी आहे. बोहाड्यातल्या सोंग घेणाऱ्यानं हा ग्रंथ वाचलेला नसतो. बापाला नाचताना बघत तो शिकलेला असतो. तरी दोघांचं म्हणणं एकच आहे: भाव चेहऱ्यावर मावेनासा झाला की तो पायांत उतरतो. जपानच्या नो नाटकातही मुखवटा असतो. तिथले नट मुखवटा किंचित वर उचलतात तेव्हा तो उजळला असं म्हणतात, आणि किंचित खाली झुकवतात तेव्हा त्यावर ढग आला असं म्हणतात. लाकूड तेच. मान हलली, एवढंच. पाहणाऱ्याला मात्र आनंद आणि दुःख असे दोन वेगळे चेहरे दिसतात.

भिंत : दोन त्रिकोण

डोंगरातून डहाणू तालुक्यात उतरलं की गंजाड लागतं. जिव्या सोमा मशे यांचं हे गाव. वारली चित्र मुळात लग्नाचं. कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठानं लग्नचौक लिहितात आणि त्यात पालघट देवी बसवतात. १९७०च्या दशकात ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आली, गावाबाहेर गेली, आणि त्यात मशे यांचा वाटा सर्वांत मोठा. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले.

वारली चित्रातल्या माणसाला नाक नाही, डोळे नाहीत, ओठ नाहीत. टोकाला टोक लावून काढलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर एक गोल म्हणजे डोकं, काड्यांचे हातपाय. दोन त्रिकोण जिथे मिळतात तो एक ठिपका म्हणजे कंबर. या ठिपक्यावर वरचा त्रिकोण जरा पुढे कलला की माणूस ओझं वाहायला लागतो. आणखी कलला की लावणी करायला वाकतो. मागे झुकला की नाचायला लागतो. तारप्याच्या नाचात हातात हात गुंफलेल्या आकृत्यांचं रिंगण गोगलगायीच्या शंखासारखं वळत जातं. एकाही चेहऱ्यावर हसू काढलेलं नसतं, तरी चित्रभर आनंद असतो. आता मनातल्या मनात त्या रिंगणातली एक आकृती उचला आणि चित्राच्या कोपऱ्यात, रिंगणाकडे पाठ करून ठेवा. रेघ एकही वाढवलेली नाही. तरी ती आकृती एकटी झाली, रुसली, किंवा तिचं कुणीतरी गेलं. अंतर आणि दिशा या दोनच गोष्टींनी तिला मन आलं.

१९४४ साली अमेरिकेतल्या फ्रिट्झ हायडर आणि मारिआन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक छोटं वर्तुळ एका चौकटीच्या आतबाहेर फिरतात. चौकटीची एक बाजू दारासारखी उघडते, मिटते. बस्स, एवढंच. ही फिल्म बघून काय घडलं ते लिहा, असं चौतीस जणांना सांगितलं. त्यातल्या एकानं तेवढी आकारांच्या हालचालींची भाषा वापरली. बाकीच्यांनी सजीवांची गोष्ट लिहिली. मोठा त्रिकोण दांडगट झाला, वर्तुळ भेदरलं, छोटा त्रिकोण शूर निघाला. हालचाल आणि तिच्या आजूबाजूची परिस्थिती दिसली की आपलं मन तिच्यामागे दुसरं एक मन उभं करतं. वारली सवाष्णींना त्रिकोणांची ही ताकद भिंतीवर हात फिरवता फिरवता कधीच कळलेली होती.

मशे यांच्याविषयीच्या लेखनात त्यांच्या बालपणाची एक हकिगत येते. आई गेली तेव्हा ते लहान होते. त्यांनी बोलणं सोडून दिलं आणि जे सांगायचं ते मातीत चित्रं काढून सांगू लागले. पात्रांचा विचार करताना मला ही हकिगत पुन्हा पुन्हा आठवते. दुःख म्हटलं की आपण रडणं शोधतो. इथे दुःखाचं वागणं म्हणजे मुकं होणं आणि मातीत बोट फिरवणं. अंगणात चित्र काढत बसलेलं मूल एखाद्या गोष्टीत आलं आणि त्यापूर्वी काय घडलं हे आपल्याला ठाऊक नसलं, तर आपण म्हणू, किती छान रमलंय पोर.

किनारा : रागावणारी बायको

आता सातपाटीच्या किनाऱ्यावर येऊ. पापलेटसाठी प्रसिद्ध असलेलं हे कोळ्यांचं गाव. इथली एक गोष्ट आपण रचून पाहू.

पावसाळ्याची बंदी संपून होड्या समुद्रात गेल्या आहेत. एका घरातला नवरा ज्या होडीवर खलाशी आहे ती सकाळी यायची होती. दुपार टळली. वारा वाढला आहे. बायको ओट्यावर मासळी निवडत बसली आहे. पोरगा तिसऱ्यांदा विचारतो, "बाबा कधी येणार?" ती त्याच्या पाठीत धपाटा घालते. दिवेलागणीला गलका होतो, होडी दिसली. वाडीतल्या बायका बंदराकडे धावतात. ही उठत नाही. निवडलेली मासळी पुन्हा पहिल्यापासून निवडायला लागते. नवरा दारात येतो तेव्हा ती त्याच्याकडे न बघता म्हणते, "मोबाईल कशाला घेतलाय? शोभेला?" मग भात वाढते आणि त्याचा शेवटचा घास संपेपर्यंत समोरून हलत नाही. स्वतः जेवायचं तिच्या लक्षातही राहत नाही.

तिचं वागणं एकेक करून बाजूला मांडलं तर काय दिसेल? मुलाला मारणारी, नवऱ्याला आणायला न जाणारी, आल्याआल्या वसावसा बोलणारी बाई. मात्र टळून गेलेली दुपार आणि वाढता वारा यांच्या शेजारी तेच वागणं ठेवलं की सगळ्याचा अर्थ पालटतो. धपाटा हा भीतीचा आहे. पोरानं तो प्रश्न मोठ्यानं विचारला, जो ती स्वतःला विचारत नव्हती. बंदरावर न जाण्यात त्याहून मोठी भीती आहे. होडी आली, पण तिच्यात तो नसला तर? जोवर ती ओट्यावर आहे तोवर तो आलेला असू शकतो. आणि मोबाईलवरून झालेला राग ही सुटकेची खूण आहे. दिवसभर आवळून धरलेली मूठ सुटली, आणि सुटताना ती समोरच्यावर आपटली.

एकाच भीतीनं तीन वेगळी रूपं घेतली आणि त्यातलं एकही 'घाबरलेल्या माणसाचं' म्हणून आपण ओळखतो तसं नाही. हे असं का होतं? १९६९ साली पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझेन या मानसशास्त्रज्ञांनी भाव दाखवण्याच्या नियमांची कल्पना मांडली. प्रत्येक समाज माणसाला लहानपणापासून शिकवतो, कुठला भाव कुणासमोर किती दाखवायचा, कुठला गिळायचा, कुठल्यावर दुसऱ्याचं पांघरूण घालायचं. दर्यावर माणूस असताना रडणं अशुभ, हे ऐकत वाढलेली बाई रडणार नाही. तिला रागवायची मुभा आहे, म्हणून भीती रागाचं लुगडं नेसून बाहेर येते. पात्र समजून घ्यायचं तर त्याला कुठल्या भावनेची परवानगी आहे हे आधी समजून घ्यावं लागतं. मराठी कथांतले कितीतरी बाप आयुष्यभर फक्त चिडतात, ते या एका कारणानं. त्यांना दुसरं काही दाखवायची मुभाच कुणी दिलेली नसते.

कारखाना : बादलीतलं पाणी

बोईसर स्टेशनात पाळी सुटण्याच्या वेळेला उभं राहिलं की माणसांचे लोंढे दिसतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनं, रंग, औषधं, कापड, पोलाद असं सगळं बनतं. २०१३ साली विरारपुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली, तेव्हापासून या स्टेशनातली ये-जा आणखी वाढली. या गर्दीतल्या एका माणसाची दुसरी गोष्ट रचू.

तो रंगाच्या कारखान्यात आहे. बारा वर्षं त्याचे कपडे धुताना बादलीतलं पाणी कधी निळं, कधी तांबूस येतं. बायको त्याचे कपडे वेगळे भिजवते. एके दिवशी पाणी स्वच्छ येतं. दुसऱ्या दिवशीही स्वच्छ. तो रोज ठरल्या वेळी डबा घेऊन निघतो, ठरल्या वेळी परततो, आज काम फार होतं म्हणतो. ती काही विचारत नाही. तिसऱ्या दिवशी ती त्याचे कपडे घरातल्या बाकीच्या कपड्यांत भिजवते आणि डब्यात रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त घालते.

नोकरी गेली हे गोष्टीत कुणीच म्हणालं नाही. त्याची शरम आणि तिला झालेली जाणीव या दोन्ही गोष्टी बादली आणि भाकरीतून कळल्या. इथे आपण एक पायरी वर चढलो. आत्तापर्यंत एका पात्राच्या वागण्यातून त्याचं मन दिसत होतं. आता एक पात्र दुसऱ्याचं वागणं वाचतं, आणि त्या वाचण्याला वागण्यानंच उत्तर देतं. जास्तीची भाकरी सांगते, मला माहीत आहे. ती हेही सांगते की, तू सांगेपर्यंत मी थांबेन. प्रेम हा शब्द तिथे ठेवला असता तर तो भाकरीपेक्षा हलका ठरला असता.

कल्पनेतलं पात्र आणि शेजारचा माणूस यांच्यातला मोठा फरकही इथे लक्षात ठेवायला हवा. खऱ्या आयुष्यात बादलीतलं पाणी स्वच्छ यायला शंभर कारणं असू शकतात. कदाचित त्याची बदली दुसऱ्या विभागात झाली असेल. गोष्टीत मात्र ते पाणी लेखकानं निवडून ठेवलेलं असतं. मूर्तिकार नको तो दगड काढत काढत मूर्तीचा आकार आणतो, तसा लेखक नको ते तपशील काढून टाकतो आणि उरलेल्यांना बोलायला लावतो. म्हणून कथेत दोनदा आलेल्या वस्तूकडे आणि सवय मोडून केलेल्या कृतीकडे थांबून बघायचं. रोजचं वागणं पात्राचा स्वभाव सांगतं. त्यात पडलेला खंड त्याची भावना सांगतो.

न्यायालय : वागण्याचा पुरावा

वागण्यावरून मन ओळखण्याची ही शक्ती जितकी सुंदर तितकीच धोक्याची आहे, आणि हे मराठीत सर्वांत तीव्रपणे सांगितलं ते विजय तेंडुलकरांनी. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ साली 'रंगायन'नं अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली केलं. सुलभा देशपांडे लीला बेणारे झाल्या.

एक हौशी नाटकमंडळी गावात प्रयोगाला येते. रात्रीच्या प्रयोगाआधी वेळ घालवायला खोटा खटला उभा करायचं ठरतं. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. सुरुवातीची बेणारे आठवून पाहा. ती खळखळून हसते, टिंगल करते, गुणगुणते, कुणाला जुमानत नाही. पहिल्यांदा नाटक पाहणाऱ्याला वाटतं, किती मोकळी, आनंदी बाई. खटला पुढे सरकतो तशी थट्टा तिच्या खऱ्या आयुष्याला जाऊन भिडते. ज्या पुरुषात ती गुंतली ते प्राध्यापक दामले त्या दिवशी आलेलेच नाहीत. तिच्या पोटात मूल आहे. बडबडी बेणारे गप्प होत जाते. उठून जायला बघते तर दार बाहेरून बंद.

आता मागे वळून पहिल्या अंकाकडे पाहिलं की तेच हसणं वेगळं ऐकू येतं. ती मोकळी म्हणून हसत नव्हती. चोहोबाजूंनी कोंडी होत असताना श्वास घ्यायला म्हणून हसत होती. एकच वागणं, दोन अर्थ. मधे बदललं ते फक्त आपल्याला ठाऊक असलेलं कारण, भरताच्या भाषेत विभाव.

या नाटकातलं न्यायालय नेमकं तेच करतं जे घाईतला वाचक करतो. ते बेणारेचं वागणं गोळा करतं. ती कुणाशी बोलली, कुठे गेली, किती मोठ्यानं हसली, अजून लग्न का केलं नाही. आणि त्यातून थेट निकालावर उडी मारतं. प्रत्येक साक्षीत वागणं खरं आहे, आणि प्रत्येक साक्षीतून काढलेला अर्थ खोटा. कारण तिला काय सोसावं लागलं हे तिथे कुणी विचारतच नाही. न्यायाधीश झालेले काशीकर कान कोरत ऐकतात. त्या एका सवयीतून तेंडुलकरांनी त्या माणसाचं सगळं मन उघडं केलं आहे. समोर एक आयुष्य उसवतंय आणि याला कानातल्या मळाची फिकीर.

त्याच रंगमंचावर गावातला साधा सामंत आहे. तोही या खेळात ओढला गेला, त्यानंही साक्ष दिली. शेवटी बेणारे निपचित पडून राहते तेव्हा त्याला काय बोलावं ते सुचत नाही. भाच्यासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट तो तिच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो. इतक्या शब्दांनी भरलेल्या नाटकात करुणेला एक शब्दही मिळत नाही. तिला एक पोपट मिळतो आणि तो पुरतो.

बेणारे मला एक गोष्ट शिकवून गेली. वागणं हा पुरावा नव्हे, तो माग आहे. पुराव्यावरून निकाल देता येतो. मागावरून फक्त पुढे चालत राहता येतं. रानात माग काढणारा माणूस एक ठसा दिसला म्हणून जनावर सापडलं असं म्हणत नाही. तो ठशाची खोली बघतो, दोन ठशांतलं अंतर बघतो, पुढचा ठसा शोधतो. पात्राच्या मागे असंच जावं लागतं.

माग काढताना

पुढची कथा, कादंबरी किंवा नाटक हातात घ्याल तेव्हा चार गोष्टी सोबत ठेवा.

पहिली, वागण्याच्या आधी काय घडलं? सातपाटीच्या बाईचा धपाटा वाऱ्याशिवाय कळत नाही. वागणं खटकलं तर पात्राला नावं ठेवण्याआधी दोन पानं मागे जा.

दुसरी, पात्रानं काय केलं नाही? ती बंदरावर गेली नाही. दुसरीनं नोकरीबद्दल विचारलं नाही. सहज करता आली असती अशी गोष्ट पात्र टाळतं, तिथे बहुतेक वेळा त्याचा सर्वांत दुखरा भाग असतो.

तिसरी, टिकून राहिलेलं काय आणि येऊन गेलेलं काय? गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत'मधल्या नाग्या ठाकराचा डोळा मधमाशीच्या दंशानं जातो आणि तो राणीमाशीचा सूड घ्यायला निघतो. वाटेत त्याला प्रेम भेटतं, आनंद भेटतो, भीती भेटते. ते सगळं खरं असतं, पण त्याचं प्रत्येक पाऊल त्या कड्यावरच्या पोळ्यांकडेच वळतं. पात्र एका प्रसंगात काय करतं त्यावरून त्याची लहर कळते. ते पुन्हा पुन्हा कुठे परततं त्यावरून त्याचा स्थायी भाव कळतो.

चौथी, हे वागणं पात्राचं स्वतःचं आहे, की उसनं घेतलेलं? वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये, जे १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी पहिल्यांदा उभं केलं, अप्पा बेलवलकर दुःखाच्या ऐन क्षणी आपल्या जुन्या भूमिकांच्या भाषेत बोलू लागतात. वरवर पाहता तो नटाचा अभिनय वाटेल. पण ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचं दुःख बोलून दाखवलं त्याला स्वतःच्या दुःखासाठी वेगळे शब्द उरलेले नसतात. त्या भूमिकांचे उसने शब्द हीच त्याची सर्वांत खरी हाक असते.

लिहिणाऱ्यांसाठीही यात एक सांगणं आहे. पात्राला वाईट वाटलं हे लिहायचा मोह झाला की थांबावं आणि विचारावं, अशा वेळी या बाईचे हात काय करतील? हा माणूस चपला कशा काढेल? 'तिच्या डोळ्यांत पाणी आलं' हे वाक्य कुठल्याही बाईला लागू पडतं. निवडलेली मासळी पुन्हा निवडणं फक्त तिलाच लागू पडतं. भावना सगळ्यांच्या सारख्या असतात. प्रत्येकाला वेगळं करतं ते त्याचं वागणं.

या सगळ्याचा उपयोग पुस्तकापुरता नाही, असं मला मनापासून वाटतं. कथेत आपल्याला पात्राचं आधीचं आयुष्य दाखवलेलं असतं, म्हणून आपण त्याला समजून घेतो. शेजारच्या माणसाचं आधीचं आयुष्य कुणी दाखवत नाही. लोकलमध्ये उगाच भांडणारा, फोनवर मोठमोठ्यानं हसणारी, भर गर्दीत दाराशी पाठ करून उभा असलेला, यांच्या गोष्टीची मधली पानंच आपल्या वाट्याला येतात. चांगली पात्रं वाचून वाचून एक सवय लागावी. निकाल द्यायला तोंड उघडण्यापूर्वी मनात यावं की हिच्या घरी दुपार टळून गेली असेल का, याच्या बादलीतलं पाणी आज स्वच्छ आलं असेल का.

मी पाहिलेल्या एका बोहाड्याची पहाट सांगून हे प्रकरण संपवतो. देवीनं महिषासुराला मारलं. संबळ थांबला. महिषासुर झालेल्या माणसानं मुखवटा उतरवून मांडीवर घेतला. आतला चेहरा चाळिशीचा, दमलेला, घामानं निथळणारा. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. रात्री आईच्या पदरात दडलेली चारपाच वर्षांची एक पोर हळूहळू त्याच्या जवळ येऊन उभी राहिली. तो हसला. ती हसली नाही. तिनं त्याच्या हसण्याकडे पाहिलंच नाही, मांडीवरच्या मुखवट्याकडेही नाही. ती खाली वाकून त्याचे धुळीनं माखलेले पाय बघत होती. ते आता जमिनीवर शांत, सैल टेकले होते. बराच वेळ बघून तिची खात्री पटली, आणि मग ती त्याच्या शेजारी बसली.